मोरसचे बंदर

आमच्या आजीच्या तोंडी 'साखर' हा शब्द क्वचितच येई. "चहात मोरस घाल," "मोरस संपली, वाण्याकडून घेऊन ये," असेच ती म्हणे. तिच्या पिढीच्या कित्येक घरांत हा शब्द होता. गुजराती घरांत तो अजूनही ऐकू येतो. हीच आजी दिवेलागणीला घरातल्या गेलेल्या माणसांच्या आठवणी काढू लागली, की सर्वांत शेवटी तिच्या आजोबांच्या एका भावावर येई. तो तरुणपणी राजापूरच्या बंदरातून गलबताने मुंबईस गेला, तिथे बंदरावर काही दिवस हमाली केली, आणि मग 'मोरसला गेला'. तो परत आला नाही. त्याचे पत्रही आले नाही. त्याचे नाव काय, असे मी विचारले की ती क्षणभर थांबे आणि म्हणे, "ते कुणी सांगितलंच नाही रे." मी तेव्हा सहा-सात वर्षांचा असेन. माणूस साखरेत जातो म्हणजे नक्की काय होते, हे मला कळत नसे. आणि फडताळातल्या बरणीकडे मी पुष्कळ वेळा भीत भीत पाही.

मोरस म्हणजे मॉरिशस, हे मला मॅट्रिकच्या वर्षी शाळेतल्या नकाशाच्या पुस्तकावरून उमगले. त्यापलीकडे माझे शिक्षण गेले नाही. पुढे मास्तरकी करता करता आणि कादंबऱ्या लिहिता लिहिता जी काही इतिहासाची पुस्तके हाताशी आली, त्यांत मी हे बेट आणि त्याची राजधानी शोधत राहिलो. काही वर्षांपूर्वी तिथल्या मराठी मंडळींच्या ओळखीने दहा दिवस तिकडे जाऊनही आलो. तेव्हा पुढचे लिखाण इतिहाससंशोधकाचे नव्हे. ज्याच्या घरातला एक माणूस एका शहराच्या दारातून आत गेला आणि दिसेनासा झाला, अशा माणसाने त्या दाराशी उभे राहून केलेली ही विचारपूस आहे.

त्या शहराचे नाव पोर्ट लुई. विषुववृत्ताच्या दक्षिणेस वीस अंशांवर, मुंबईपासून सुमारे अडीच हजार सागरी मैलांवर. समोर निळे पाणी आणि पाठीशी डोंगरांची उभी रांग. त्यांतल्या एका शिखराचे फ्रेंच नाव 'पूस', म्हणजे अंगठा. खरोखरच मूठ वळून अंगठा वर करावा तसे ते दिसते. जिथे हजारो निरक्षर माणसांनी सहीच्या जागी फुली मारली, त्या गावाच्या डोक्यावर निसर्गाने अंगठा उठवून ठेवावा, हा योगायोगच. पण बोटीच्या काठावरून पहिल्यांदा तो दिसला तेव्हा माझ्या मनात हेच आले.

हे डोंगर आहेत म्हणूनच इथे शहर आहे. बेटावर प्रथम वस्ती करणारे डच. १५९८ मध्ये ते आले, आपल्या राजपुत्राच्या नावावरून त्यांनी बेटाला मॉरिशस म्हटले, १६३८ मध्ये वसाहत केली, जावा बेटावरून ऊस आणून लावला, डोडो नावाचा उडता न येणारा पक्षी नामशेष करण्यास हातभार लावला आणि १७१० मध्ये कंटाळून निघून गेले. १७१५ मध्ये फ्रेंचांनी बेट ताब्यात घेतले. त्यांचेही मुख्य बंदर आरंभी आग्नेय किनाऱ्यावर होते. पण या समुद्रात वर्षातला बराच काळ वारा आग्नेयेकडून वाहतो. शिडाचे जहाज त्या बंदरात वाऱ्याच्या पाठबळाने सहज शिरे, पण बाहेर पडताना तोच वारा तोंडावर येई आणि जहाज अडकून पडे. वायव्येच्या बंदरावर मात्र डोंगरांची आड होती. १७३५ मध्ये माए द ला बूर्दोने हा गव्हर्नर म्हणून आला. तो मूळचा दर्यावर्दी, त्यामुळे ही गोष्ट त्याच्या लगेच ध्यानी आली. त्याने राजधानी पोर्ट लुईला आणली. गोदामे, इस्पितळ, बराकी, जहाजदुरुस्तीचा धक्का, आणि नदीचे पाणी शहरात आणणारा पाट, हे सर्व त्याने काही वर्षांत उभे केले.

अर्थात 'त्याने उभे केले' ही इतिहासाच्या पुस्तकांतली बोलण्याची रीत. उभे केले ते मादागास्कर आणि मोझांबिकहून धरून आणलेल्या गुलामांनी, आणि पाँडिचेरीकडून करारावर आणलेल्या गवंडी-सुतारांनी. या तमिळ कारागिरांची वस्ती शहराच्या पूर्व टोकाला होती. तिला 'मलबार्‍यांची छावणी' म्हणत. फ्रेंचांच्या लेखी दक्षिणेकडचा प्रत्येक हिंदी माणूस मलबारीच. म्हणजे ज्याला आपण 'ऊस तोडायला गेलेले हिंदी लोक' म्हणतो, त्यांच्या शंभर वर्षे आधी हिंदी हातांनी या राजधानीचे चिरे बसवले होते. ला बूर्दोनेचा पुतळा आज बंदरासमोरच्या चौकात, ताडांच्या दुतर्फा ओळींच्या तोंडाशी, समुद्राकडे पाहत उभा आहे. १७४६ मध्ये याच बंदरातून आरमार नेऊन त्याने इंग्रजांचे मद्रास जिंकले होते. त्याच मद्रासच्या हिशेबावरून पुढे त्याच्यावर आरोप झाले आणि तो पॅरिसच्या बास्तीय तुरुंगात पडला. सुटला, पण फार काळ जगला नाही. दुसऱ्यांसाठी बंदर बांधणाऱ्याची गत अशी झाली. असो.

त्या काळात हे शहर शेतीवर नव्हे तर येणाऱ्या-जाणाऱ्यांवर जगत होते. हिंदुस्थानाकडे जाणारी फ्रेंच जहाजे इथे पाणी आणि रसद घेत. युद्ध जुंपले म्हणजे इथून खासगी लुटारू गलबते परवाने घेऊन निघत, आणि बंगालच्या उपसागरातून इंग्रजांचा माल ओढून आणून इथल्या धक्क्यावर लिलावात काढीत. सुर्कूफ हे त्यांतले सर्वांत गाजलेले नाव. इंग्रजांना हा काटा सलत होता. १८१० च्या ऑगस्टमध्ये ग्रां पोर येथे त्यांच्या आरमाराने सपाटून मार खाल्ला. पण नोव्हेंबरच्या अखेरीस त्यांनी उत्तर टोकाला फौज उतरवली आणि चार-पाच दिवसांत पोर्ट लुई घेतले. त्या फौजेत बंगाल आणि मद्रासच्या शिपायांबरोबर आपल्या मुंबई इलाख्याचे शिपाईही होते. बाजीराव पुण्याच्या गादीवर असतानाची ही गोष्ट. त्या मुंबईच्या पलटणीत कोकणातला कोणी नव्हता असे मला वाटत नाही.

तहात इंग्रजांनी एक गोष्ट कबूल केली आणि ती पाळली. बेटावरच्या गोऱ्यांचे कायदे, धर्म, चालीरीती आणि मालमत्ता यांना हात लावायचा नाही. त्यामुळे निशाण बदलले, पण मळे आणि पेढ्या फ्रेंच मळेवाल्यांच्याच राहिल्या. आजही तिथे सरकारी कागद इंग्रजीत, वर्तमानपत्रे फ्रेंचमध्ये, बाजार क्रिओलमध्ये आणि देवाचे ज्याच्या त्याच्या भाषेत चालते. आमच्या घराजवळच्या एस. टी. स्टँडवर जितक्या भाषा ऐकू येतात त्यापेक्षा पोर्ट लुईच्या भाजीबाजारात निश्चितच जास्त ऐकू येतात. आणि कोणीच कोणाकडे वळून पाहत नाही.

या शहराचा खरा कायापालट १८२५ मध्ये झाला, आणि तो लंडनमध्ये झाला. मॉरिशसच्या साखरेवरची जकात वेस्ट इंडीजच्या साखरेइतकी कमी करण्यात आली. झाले! कापूस, नीळ, मसाले सगळे मागे पडले आणि डोंगरउतारापासून समुद्रापर्यंत ऊसच ऊस झाला. बंदर आता वाटसरूंची धर्मशाळा राहिले नाही. ते साखरेच्या गोणीचे तोंड झाले. पण ऊस तोडणार कोण? दहा वर्षांच्या आत, १ फेब्रुवारी १८३५ रोजी, गुलामगिरी कायद्याने संपली. सुमारे सहासष्ट हजार माणसे सुटली. इंग्लंडच्या सरकारने त्याबद्दल वीस लाख पौंडांहून अधिक भरपाई दिली. ती सुटलेल्या गुलामांना नव्हे, तर त्यांच्या मालकांना! हे वाक्य वर्गात सांगितले की एखादे पोर हमखास विचारते, "गुरुजी, चुकून उलटं लिहिलंय का?" उलटे लिहिलेले नाही.

मुक्त झालेल्या माणसांनी उसाकडे पाठ फिरवली, यात नवल नाही. त्यांतले पुष्कळजण किनाऱ्यावर मासे मारू लागले, पुष्कळ शहरात आले आणि गोदीत, सुतारकामात, लोहारकामात शिरले. मळेवाल्यांनी तर आधीच दुसरीकडे नजर वळवली होती. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'ॲटलास' नावाचे जहाज कलकत्त्याहून छत्तीस मजूर घेऊन बंदरात लागले. पाच वर्षांचा करार, महिना पाच रुपये आणि शिधा. इंग्रज सरकारने या प्रकाराला 'महान प्रयोग' असे भारदस्त नाव दिले. गुलामाऐवजी 'स्वतंत्र' मजुराच्या हाताने साखर तितकीच स्वस्त निघते का, हे त्यांना पाहायचे होते. ती निघाली. पुढच्या पाऊणशे वर्षांत साडेचार लाखांवर माणसे कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीन बंदरांतून या एका बंदरात उतरली. मुंबईकडून गेलेले त्यांत थोडे. पण त्या थोड्यांत रत्नागिरी जिल्ह्यातली माणसे पुष्कळ होती. आलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश परतले. बाकीचे तिथलेच झाले.

मजुरांच्याही आधी एक वेगळी हिंदी माणसे इथे आली होती, त्यांची आठवण सहसा कोणी काढत नाही. १८१५ पासून बंगाल आणि मुंबई इलाख्यांतले जन्मठेपेचे कैदी पोर्ट लुईला पाठवले जात. रस्ते आणि पूल त्यांनी बांधले. १८३६ मध्ये डार्विन आपल्या जहाजातून इथे उतरला तेव्हा त्याचे लक्ष या कैद्यांकडे गेले. त्यांची शांत, भारदस्त मुद्रा पाहून तो चकित झाला होता. काळ्या पाण्याची शिक्षा अंदमानच्याही आधी इथे भोगली गेली, हे मला स्वतःला पन्नास पुस्तके चाळल्यावर कळले.

आता त्या दाराकडे येतो. बंदराच्या एका कोपऱ्यात, त्रू फाँफारोन या जागी, १८४९ पासून मजुरांचा तळ होता. लोक त्याला 'कुली घाट' म्हणत. तो शब्द अपमानाचा म्हणून पुढे त्याचे नाव 'आप्रवासी घाट' केले, आणि २००६ मध्ये जागतिक वारसा म्हणून त्याची नोंद झाली. मूळ इमारतींचा थोडाच भाग उरला आहे; मधून मोटारींचा हमरस्ता गेला, त्याने बरेच काही गिळले. धक्क्यापासून वर येणाऱ्या सोळा दगडी पायऱ्या मात्र आहेत. महिनाभर किंवा त्याहून अधिक काळ जहाजाच्या पोटात काढलेला माणूस या पायऱ्या चढून वर येई. डॉक्टर तपाशी, कारकून नाव-गाव लिही, एक क्रमांक देई. हा क्रमांक जन्मभर त्याच्या बरोबर राही. दोन दिवस तळावर राहून माणूस मळ्यावर रवाना होई. राजधानीचा त्याचा मुक्काम एवढाच. मी त्या पायऱ्या मोजत वर गेलो आणि परत खाली आलो. शेवटच्या पायरीला शेवाळ आहे. दुसरे काय सांगू?

राजधानीत पुन्हा येण्याची त्याला सोयही नव्हती. १८६७ च्या मजूरकायद्याने करार संपलेल्या माणसालाही स्वतःचे छायाचित्र लावलेला पास बाळगावा लागे. पासाशिवाय हद्दीबाहेर सापडला तर भटक्या ठरून तुरुंग. एक दिवस कामावर नाही आला तर दोन दिवसांची मजुरी कापत. याला 'दुहेरी कपात' म्हणत. नोकरशाहीचा खेळ असा, की या जुलमामुळेच त्यांचे चेहरे आज शिल्लक आहेत. त्या काळी गावाकडच्या आपल्या पणजोबा-खापरपणजोबांचे छायाचित्र कोणाकडे आहे? तिथल्या दप्तरात हजारो मजुरांची आहेत; समोर रोखून पाहणारी, न हसणारी. आद्रियँ द प्लेव्हित्झ या एका मळेवाल्याने १८७१ मध्ये नऊ हजारांवर मजुरांचा अर्ज सरकारकडे नेला. त्यावर बाकीच्या मळेवाल्यांनी त्याला छळले, पण राजाज्ञेने चौकशीमंडळ आले आणि पेच काहीसे सैल झाले. त्यानंतर साखरेचे भाव पडू लागले तसे मळेवाले जमिनीचे तुकडे पाडून विकू लागले, आणि मजुरांनी गाठीचे पैसे सोडून ते घेतले. हिंदी माणूस शेतकरी झाला, खेडी वसली. राजधानी मात्र लांबच राहिली.

राजधानीचेही दिवस फिरले होते. १८६६-६८ मध्ये हिवतापाची साथ आली. १८६७ या एका वर्षात बेटावर तीस हजारांहून जास्त माणसे तापाने गेली, आणि पोर्ट लुईची तर दाणादाण उडाली. नुकतीच आगगाडी झाली होती. ज्यांना परवडत होते ते श्रीमंत लोक तिच्यात बसून वरच्या थंड पठारावर, क्यूरपीपला राहायला गेले, आणि रोज सकाळी पेढीवर यायला खाली उतरू लागले. १८६९ मध्ये सुएझचा कालवा उघडला आणि हिंदुस्थानचा रस्ता या बंदराला टाळून गेला. १८९२ च्या एप्रिलात आलेल्या वादळाने काही तासांत शहराचा तिसरा हिस्सा पाडला आणि हजारावर माणसे मारली. उरले काय, तर गोदी, गोदामे आणि साखर.

आणि या साखरेला गिऱ्हाईक कोण? इथे मला पुस्तक मिटून ठेवावे लागले. युरोपात बीटाची साखर होऊ लागल्यावर मॉरिशसची साखर मोठ्या प्रमाणावर हिंदुस्थानात, विशेषतः मुंबईस, येऊ लागली. हिंदुस्थानातून तांदूळ आणि मजूर तिकडे जायचे, तिकडून साखर इकडे यायची. व्यवहार इतका वाढला की १८७६ पासून त्या बेटावर रुपयाच चलन झाला, तो नावाने आजही आहे. तांदूळ आणि कापड आणणारे व्यापारी बहुतेक गुजराती मुसलमान. त्यांनी राजरस्त्यावर बांधलेली जुम्मा मशीद शहराच्या देखण्या इमारतींपैकी एक आहे. तिच्याच पलीकडे चिनी लोकांची पेठ. खेडोपाडी उधारीच्या वहीवर मजुरांना मीठ-मिरची देणारे दुकानदार याच पेठेतून माल भरत. तर अशी ती पांढरी, दाणेदार साखर मुंबईच्या मांडवीवर उतरली आणि वाण्यांनी तिला बेटाचेच नाव दिले. सोवळ्यातले लोक तिच्याकडे संशयाने पाहत. परदेशी साखर हाडांच्या कोळशाने साफ करतात अशी बोलवा होती. स्वदेशीच्या दिवसांत परदेशी साखरेवर बहिष्कार पडला. आमच्या आळीतही कोणी तरी तिच्यावर पाणी सोडले असेल. ती ज्याने तोडली तो आपल्याच आळीतला असेल, ही कल्पना तेव्हा कोणाला शिवली असेल असे वाटत नाही.

पत्राचे म्हणाल, तर पोर्ट लुईहून मुंबईस आलेले एक पत्र जगप्रसिद्ध आहे. १८४७ मध्ये पोर्ट लुईने टपालतिकिटे काढली. इंग्रजी वसाहतींत ती अगदी पहिल्यांपैकी. त्यांतली मोजकीच उरली असल्याने तिकिटे जमवणारे त्यांच्यासाठी जीव टाकतात. अशी दोन तिकिटे लावलेले एक पाकीट १८५० मध्ये मुंबईतल्या एका बायबल मंडळीच्या चिटणिसाला आले आणि १८९७ मध्ये हिंदुस्थानातल्याच एका बाजारात सापडले. आज त्याची किंमत मला मोजताही येणार नाही. बंदरावरच्या संग्रहालयात या तिकिटांचे नमुने आहेत; रंग उडू नये म्हणून मूळ तिकिटांवर तासातून थोडा वेळच दिवा लावतात. मी दिवा लागेपर्यंत थांबलो. इवलासा नारिंगी कागद आणि तसाच एक निळा. तेवढ्या एका कागदावर आमच्या घरची पाच पिढ्यांची चुटपुट मिटली असती, असे वाटून गेले.

विसाव्या शतकाची हकीकत वाचकांना बरीचशी ठाऊक असेल. १९०१ मध्ये दक्षिण आफ्रिकेहून परतताना गांधीजींचे जहाज इथे थांबले. मुलांना शाळेत घाला आणि राजकारणात लक्ष घाला, असे त्यांनी लोकांना सांगितले. १९०७ मध्ये त्यांच्या प्रेरणेने मणिलाल डॉक्टर हे बॅरिस्टर आले आणि मजुरांचे खटले लढू लागले. १२ मार्च १९६८ रोजी शाँ द मार्स या मैदानावर इंग्रजांचे निशाण उतरले. हे मैदान म्हणजे १८१२ पासूनचे घोड्यांच्या शर्यतींचे मैदान. इंग्रजांनी आल्याबरोबर आधी ते केले. स्वातंत्र्याच्या दोनच महिने आधी याच शहरात क्रिओल आणि मुसलमान वस्त्यांत दंगल उसळली होती, शेजारी शेजाऱ्याचे घर सोडून आपापल्या जातीच्या मोहल्ल्यात पळाले, इंग्रजी फौज बोलवावी लागली. त्याच सुमारास आणखी एक जहाज बंदरात येत होते. चागोस बेटांवर लष्करी तळ करण्यासाठी तिथल्या साऱ्या रहिवाशांना १९६८ ते १९७३ या काळात उठवण्यात आले, आणि त्यांतल्या बहुतेकांना पोर्ट लुईच्या धक्क्यावर आणून सोडले. शेवटच्या खेपेच्या लोकांनी जहाजातून उतरायलाच नकार दिला होता. दार जुनेच, माणसे तेवढी नवी.

स्वतंत्र झाले तेव्हा बेटाची जवळजवळ सारी निर्यात साखरेची होती, आणि मोठमोठ्या अर्थशास्त्र्यांनी या देशाचे काही खरे नाही असे भाकीत केले होते. ते खोटे ठरले. १९७० नंतर कापडाचे कारखाने निघाले, मग हॉटेले, मग बँका. १९८० मध्ये बंदरात सुटी साखर यंत्राने जहाजात ओतण्याची सोय झाली. त्याआधी घायपातासारख्या झाडाच्या तंतूंच्या गोणी पाठीवरून वाहणारी गोदीकामगारांची एक दुनियाच होती, ती मोडली. १९८२ मध्ये भारताशी करविषयक करार झाला आणि कित्येक वर्षे भारतात येणाऱ्या परकीय भांडवलाच्या यादीत मॉरिशसचे नाव सर्वांत वर राहिले. कर वाचवण्यासाठी पोर्ट लुईच्या पत्त्यावर कंपनी काढायची आणि तिथून मुंबईच्या शेअरबाजारात पैसा आणायचा, ही ती वाट. २०१६ मध्ये करार बदलला आणि ती अरुंद झाली. बंदराजवळच्या काचेच्या इमारतींपुढे उभा राहून मी दारावरच्या पाट्या वाचल्या. एकेका दारावर इतकी नावे! आत माणसे मात्र थोडीच असावीत. शेजारच्या घाटावर माणसे लाखो आली, त्यांची नावे कशीबशी लिहिली गेली.

आज शहरात दीड लाखाच्या आतबाहेर लोक राहतात, पण दिवसा गर्दी त्याच्या कितीतरी पट. खेड्यांतून बसगाड्या भरभरून येतात. मजुरांचे पणतू आता कचेऱ्यांत, न्यायालयांत, मंत्रालयात बसतात. चारच्या सुमारास सगळे उठतात, आणि सहा वाजता राजरस्त्यावर कुत्री तेवढी असतात. मी ज्यांच्याकडे उतरलो होतो ते गृहस्थही असेच. त्यांनी जन्मभर शहरातल्या शाळेत मराठी शिकवले. राहतात मात्र पश्चिमेकडच्या एका खेड्यात. त्यांची मराठी जपून ठेवलेल्या पैठणीसारखी, घडीवरच्या रेघांसकट. त्या बेटावर गणेशचतुर्थीला सरकारी सुट्टी असते. माझ्यासाठी त्यांनी बैठकेत, म्हणजे गावच्या सभाघरात, 'झाकरी' ठेवली. पायांत घुंगरू बांधून माणसे गोलात नाचू लागली आणि मी बसल्या जागी ओळखले, ही आमची जाखडी! अक्षरांचाच काय तो फरक. पावले तीच.

मोक्याला महात्मा गांधी संस्थेत मजुरांची जुनी दप्तरे ठेवली आहेत. हे मास्तर मला तिथे घेऊन गेले. तिथल्या बाई फार सौजन्याने वागल्या. त्यांनी विचारले, नाव? मी म्हटले, ठाऊक नाही. जहाज? ठाऊक नाही. साल? अंदाजे १८६० च्या पुढेमागे. त्यांनी पेन खाली ठेवला आणि मास्तरांकडे पाहिले. क्रमांक, नाव, बापाचे नाव, जात, गाव, उंची, अंगावरची खूण. सगळे रकाने भरलेली साडेचार लाख माणसे तिथे होती, आणि माझ्याजवळ एकही रकाना भरण्यापुरते काही नव्हते. तिथल्या कित्येक मराठी कुटुंबांना बापाचे नाव हेच आडनाव म्हणून चिकटले आहे, कारण कारकुनाने दुसरे विचारलेच नाही. आमच्याकडे तर बापाचेही नव्हते.

परत येताना मास्तरांनी खिशातून एक घडी केलेला कागद काढला. त्यांच्या पणजोबांच्या नोंदीचा उतारा होता तो. "गुरुजी, तुम्ही तिकडचे," ते म्हणाले. "आमचं गाव कोणतं ते एवढं वाचून सांगा. बाबांनाही हे शेवटपर्यंत कळलं नाही." जिल्ह्याच्या रकान्यात 'बॉम्बे' एवढेच. गावाच्या रकान्यात कारकुनाने कानाला लागले ते इंग्रजी अक्षरांत उतरवले होते, आणि मधले स्वर पुसट झाले होते. ते पानवल असेल, तर रत्नागिरीच्या अगदी जवळचे. पनवेल असेल, तर दुसरा जिल्हा, दुसरा किनारा, माणसेही वेगळी. मी कागद खिडकीशी धरला, चष्मा काढून पाहिला, पुन्हा लावून पाहिला.

मी कादंबऱ्या लिहितो. कादंबरीत असता तर त्या माणसाला मी पानवलचाच करून टाकला असता, आणि कोणाचे काही बिघडले नसते. ते माझ्या तोंडाकडे पाहत होते. जाखडीचा पुरावा देता आला असता; उंची, जात, काहीही पुढे करता आले असते. मी म्हटले, "मास्तर, दोनांपैकी एक. कोणतं ते मला सांगता येत नाही."

त्यांनी कागदाची घडी पूर्वीच्याच रेघांवर घातली आणि खिशात ठेवली. बस पोर्ट लुईच्या बंदरावरून वळत होती. "दोन म्हणजे पुष्कळच कमी झाली की," ते म्हणाले. "आम्ही आजवर सबंध मुंबई धरून चाललो होतो."

गेल्या मे महिन्यात मी पानवलला जाऊन आलो. देवळाजवळच्या चार-पाच म्हाताऱ्यांना विचारले, तुमच्यातले कोणी पूर्वी मोरसला गेले होते काय? एक जण म्हणाला, मोरस म्हणजे साखर ना? दिवाळीची सुट्टी लागली की पनवेलला जाणार आहे.